धामणाचं धनुष्य आणि भिंतीवरच्या कोळशाच्या रेघा

नागपूरहून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी करत गडचिरोली गाठायची आणि तिथून पूर्वेला धानोऱ्याच्या रस्त्याला लागायचं. ब्रह्मपुरी सोडल्यावर वैनगंगेचं रुंद पात्र लागतं, ते डोळे भरून बघावं. बाकी रस्ता खड्ड्यांचा, कंबर मोडणारा. सामूहिक वनहक्क मिळवलेलं मेंढा (लेखा) याच वाटेवर आहे, पण त्यावर लिहिणारे बरेच आहेत. मला लिहायचंय ते त्याच भागातल्या एका वाढई (सुतार) काकाजींच्या अंगणाबद्दल. तिथे धामणाच्या लाकडाचं धनुष्य होताना बघायला मिळालं.

या पट्ट्यात धनुष्य म्हटलं की बहुतेक ठिकाणी बांबूचं. बांबू मुबलक, चिरायला सोपा, आणि त्याच्या सालीकडच्या भागात इतके दाट तंतू असतात की ताण सहज पेलतो. लाकडाचं काम त्याहून किचकट. धामण मात्र त्यासाठी चांगलं, चिवट आणि लवचीक. कुऱ्हाडीचे दांडे आणि कावडी त्याच्या होतात त्या याच गुणामुळे. जंगलातलं झाड तोडता येत नाही. इथलं लाकूड शेताच्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, जुन्या बुंध्यातून सरळ उभा फुटलेला चार-पाच इंच जाडीचा सोट. तोडायचा तो थंडीतच. एप्रिलमध्ये तोडलात तर विदर्भाचं ऊन टोकांमधलं पाणी इतक्या झपाट्याने ओढतं की भेगा हातभर आत जातात.

सोट धनुष्यापेक्षा अर्धा फूट लांब ठेवतात, कारण टोकं थोडीफार तडकणारच. करवतीने कापत नाहीत, पाचर ठोकून फोडतात. फोडलेलं लाकूड रेषेरेषेने उलगडतं. करवत रेषा आडव्या कापत जाते आणि पुढे नेमकी तिथूनच ढलपी उठते. फोडल्यावर फाळका पिळलेला निघाला, तर तो सरळ चुलीत. टोकांना शेणमाती लिंपून, साल तशीच ठेवून, फाळका माळ्यावर सावलीत ठेवतात. एक पावसाळा आणि त्यावर एक हिवाळा जाऊ द्यावा लागतो. लाकूड वाळलं की नाही, हे तराजूवर कळतं: लागोपाठ दोन-तीन आठवडे वजन उतरलं नाही म्हणजे झालं.

मग साल निघते. सालीखालचा तो गुळगुळीत भाग म्हणजे धनुष्याची पाठ, तीर जातो त्या बाजूची. दोरी ओढली की सगळा ताण पाठीवर येतो आणि आतल्या बाजूला, म्हणजे पोटाला, दाब बसतो. पाठीवरची एक रेषा जरी हत्याराने तुटली तरी धनुष्य तिथूनच फुटतं. "पाठीले हात नाही लावाचा जी," काकाजी मधे मधे म्हणत होते. मी वाकस, म्हणजे तासणी, उचलली की हमखास.

मापं सगळी सुतात, आठ सुतांचा इंच. लांबी साडेपाच फूट. मुठीपाशी रुंदी दहा सूत, जाडी आठ-नऊ. टोकाकडे निमुळतं होत दोन्ही चार-पाच सुतांवर. गेरूत भिजवलेल्या दोरीने मधोमध ओळ मारायची, दोन्ही बाजू वाकसने तासायच्या आणि पोट मरफ्याने, म्हणजे दोन मुठींच्या छोट्या रंध्याने, आणायचं. जाडीला हात लावताना जपायला हवं, कारण रुंदी निम्मी केली तर लाकडाचा जोर निम्मा होतो, पण जाडी निम्मी केली तर तो आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून शेवटच्या सुतापाशी वाकस खाली ठेवतात आणि फुटक्या बाटलीची काच घेतात. काचेची धार कागदासारखी पातळ साल काढते. काकाजींच्या मांडीवर त्या सालींचा पांढुरका थर साचला होता.

खरं काम इथून पुढे. अंगणातल्या भिंतीवर एक मजबूत लाकडी बेचकं ठोकलेलं. त्यात मूठ आडवी बसवायची, पाठ वर. टोकांना सैलशी लांब दोरी, आणि ती खाली ओढायला दुसरी. बेचक्याच्या दोन्ही बाजूंना कोळशाने आडव्या-उभ्या रेघा मारलेल्या. एक जण हळूहळू दोरी खाली ओढतो, दुसरा चार पावलं मागे उभा राहून बघतो, डावं टोक कुठल्या रेघेवर आलं, उजवं कुठल्या, आणि वाक सारखा पसरला की एकाच जागी गोळा झाला. मला पाठवलं बघायला. सुरुवातीला दोन्ही बाजू सारख्याच वाटतात, पण रेघा धरून पाहिलं की डावं पातं (मुठीपासून टोकापर्यंतचा भाग) मुठीजवळ ताठ आणि मधे मोडल्यासारखं वाकतंय हे लख्ख दिसतं.

अशा वेळी हात आपोआप त्या वाकलेल्या जागेकडे जातो, आणि तिथेच धनुष्य वाया जातं. "वाकते तिथं नाही, वाकत नाही तिथं खरवडाचं." ताठ जागेवर कोळशाची खूण करायची आणि तेवढ्याच जागेवरून काच फिरवायची. मग दोरी वीस-तीस वेळा अर्धवट ओढून सोडायची. हिसका द्यायचा नाही. लाकडाला बदल कळायला वेळ लागतो. ओढल्याशिवाय पुन्हा खरवडलं तर एकाच जागी दुप्पट निघतं. जितकं अंतर सारखं वाकलं तितकंच ओढायचं; वाक बिघडलेला असताना पुढे ओढलेला प्रत्येक इंच पोटाचे तंतू चेमटवतो. ते चेमटणं नंतर पोटावर बारीक आडव्या सुरकुत्यांसारखं उमटतं. एकदा उमटलं की उपाय नाही. तीर मुठीच्या वरून जातो, म्हणून खालचं पातं वरच्यापेक्षा एक-दोन सूत ताठ ठेवतात. अख्खी दुपार गेली त्या भिंतीपुढे. मधे भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण झालं, हात धुतले की परत बेचक्याशी. इतकं सुंदर काम मी क्वचित पाहिलंय.

दोरी बांबूची. पक्क्या बांबूच्या सालीची लांब पट्टी काढून, पेरांवर तासून, दोन्ही टोकांना वाखाचे फासे पक्के बांधतात. नायलॉनची दोरी मिळते, पण ती ताणते आणि तीराला मिळायचा जोर स्वतःच खाते. बांबूची पट्टी जवळजवळ ताणतच नाही. चढवल्यावर दोरी आणि मूठ यांच्यात मुठीवर उभ्या अंगठ्याएवढं, म्हणजे साधारण सहा इंच अंतर राहायला हवं. वरून जवसाचं तेल. जवस सुकून पापुद्रा धरतं. मोहाच्या बियांचं तेल तसं सुकत नाही, चिकट राहतं.

आता तक्रार. शहरातल्या एका हस्तकला प्रदर्शनात 'आदिवासी धनुष्य' म्हणून जे विकतात ते व्हॉर्निश लावलेलं, रंगीत गोंडे बांधलेलं लाकूड. टोकं भाजून वाकवलेली, मधला भाग जाडजूड, वाकतच नाही. ज्या लोकांनी ही विद्या पिढ्यान् पिढ्या सांभाळली त्यांच्या नावावर असा ठोकळा खपवणं मला सहन होत नाही. अशा गावांत येणारे पाहुणेही कमी नाहीत. फोटोसाठी दोरी कानापर्यंत ओढतात आणि तीर नसताना सोडून देतात. तीर असला की जोर तीर घेऊन जातो. नसला की तो सगळा पात्यांत परत आदळतो, आणि एवढ्यातच ढलपी उठू शकते. कृपा करून हे करू नका. ओढलीत तर तशीच हळूहळू परत सोडा.

कोणाकडून खरं धनुष्य घेतलंत तर काम झालं की दोरी उतरवा, नाहीतर वाक कायमचा बसतो आणि जोर जातो. उभं टेकवून ठेवू नका, दोन खुंट्यांवर आडवं ठेवा. पावसाळ्यात ते मऊ पडेल, त्याची काळजी नको. काळजी मे महिन्याची. चंद्रपूर-गडचिरोलीच्या त्या कोरड्या उन्हात लाकूड ठिसूळ होतं, आणि वर्षभर नीट चाललेलं धनुष्य तेव्हा पूर्ण ओढलं की काडकन मोडतं. तेव्हा मे महिन्यात त्याला खुंट्यांवरच राहू द्या.