मुद्गलाचं वजन

व्यायामाचा जड लाकडी मुद्गल फिरत होता, पैलवान हलत होता, चेहऱ्यावर ताणही होता. तरी पडद्यावर तो मुद्गल थर्माकोलचा वाटत होता.

मी बडोद्यात नवशिक्या मुलांना कॅरेक्टर अ‍ॅनिमेशन शिकवते. पहिल्या सत्राच्या शेवटी त्यांना पाच सेकंदांचा एक शॉट करायचा असतो: एक पात्र आणि एक जड वस्तू. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे एकूण १२०. दांडिया बाजारात राहणाऱ्या एका मुलाने मुद्गल निवडला. राजरत्न माणिकरावांच्या आखाड्याचं नाव ऐकतच तिथली पोरं मोठी होतात, त्यामुळे मला त्याचं नवल वाटलं नाही. मित्रांनी सुचवलं म्हणून त्याने मुद्गल मोठा केला, लाकूड काळपट केलं, त्यावर भेगाही काढल्या. काही फरक पडेना. शेवटी मला म्हणाला, "मॅडम, स्पीड कमी करू का?"

हा उपाय सगळ्यांनाच आधी सुचतो. पण वेग कमी केला म्हणून वस्तू जड होत नाही, नुसती संथ होते.

त्याच संध्याकाळी जी मुलं मोकळी होती त्यांना घेऊन मी दांडिया बाजारातल्या एका छोट्या तालमीत गेले. माझा चुलतभाऊ तिथे मल्लखांब करायचा, म्हणून वस्तादांची जुनी ओळख. सत्तरी ओलांडलेले, पण रोज लाल मातीत उतरणारे. मोबाइल स्टँडवर लावला, २४ फ्रेमवर ठेवला आणि म्हटलं, "काका, एकदा सावकाश फिरवून दाखवा."

त्यांनी लगेच मुद्गल उचलला नाही. आधी पाय फाकवले, टाचा मातीत दाबून घेतल्या. गुडघे किंचित वाकले, कंबर मागे गेली, खांदा खाली उतरला. मग हात, आणि सगळ्यांत शेवटी मुद्गल. खांद्यावरून तो पाठीमागे सुटला तेव्हा खाली येताना वेग वाढत गेला, वर चढताना मंदावला, आणि अगदी माथ्यावर क्षणभर थांबल्यासारखा झाला. तो ज्या बाजूला जाई, त्याच्या उलट बाजूला धड कलत होतं. मनगट वळून पुढे गेलं तरी मुद्गलाचं डोकं मागून येत होतं. वर्गात फळ्यावर लिहिलेली अ‍ॅनिमेशनची तत्त्वं, म्हणजे पूर्वतयारी, हालचालीचा कमानदार मार्ग, आरंभी-अखेरीचा संथपणा, मागाहून येणारी हालचाल, सगळं एका फेऱ्यात होतं.

त्या मुलाने विचारलं, "आजोबा, हा किती किलोचा?"

वस्तादांनी मुद्गल भिंतीला टेकवून ठेवला. "वजन ह्याच्यात शोधू नकोस," म्हणाले. "आता बघ." आणि रिकामी मूठ वळून त्यांनी तोच फेरा पुन्हा केला. तेच पाय, तीच कंबर, माथ्यावरचा तोच थांबा. मूठ पाठीमागे सुटली तशी मागे उभी असलेली आमची एक विद्यार्थिनी चटकन बाजूला सरकली. हातात काही नाही हे तिला दिसत होतं, तरी सरकली. इतकी वर्षं शिकवतेय, पण वजन म्हणजे काय हे इतकं स्वच्छ मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तो रिकाम्या मुठीचा व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिला. हात हलायच्या जवळजवळ दहा फ्रेम आधी कंबर हललेली होती. मुलाच्या शॉटमध्ये मात्र कंबर, खांदा, मनगट आणि मुद्गल, सगळ्यांच्या 'की', म्हणजे आपण स्वतः ठरवून दिलेल्या मुख्य स्थिती, एकाच फ्रेमवर होत्या. सगळं एकदम निघत होतं आणि एकदम थांबत होतं. मी त्याला मुद्गल सीनमधून लपवायला सांगितलं. तो नसताना वजन दिसेपर्यंत परत आणायचा नाही.

"पण मॅडम, ही तत्त्वं हाताने चित्रं काढायच्या काळातली ना?" मागच्या बाकावरून प्रश्न आला. प्रश्न रास्त आहे. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी ती बारा तत्त्वं १९८१ साली पुस्तकरूपात मांडली, तीही त्याआधीच्या कित्येक वर्षांच्या हाताच्या कामातून. पण १९८७ मध्येच पिक्सारच्या जॉन लॅसेटर यांनी निबंध लिहून ती संगणकावरच्या थ्रीडी अ‍ॅनिमेशनला कशी लागू पडतात ते दाखवलं. सॉफ्टवेअर दोन 'की'मधल्या फ्रेम भरून देतं, पण आधी कंबर की आधी हात, हे त्याला कळत नाही.

मग कॅमेऱ्याचा विषय निघाला. त्याने कॅमेरा बरोबर समोर लावला होता आणि फ्रेम गुडघ्यावर कापली होती, कारण तसं 'सिनेमासारखं' दिसतं. पण समोरून मुद्गल पाठीआड गडप होत होता, पुढचा हात छातीवर मिसळत होता, आणि ज्या पायांत वजन आधी कळतं ते पाय फ्रेमबाहेर. मी सगळं पात्र काळ्या रंगाने भरायला लावलं. पडद्यावर नुसता एक गोळा उरला. कॅमेरा तिरका घेतल्याबरोबर त्याच काळ्या आकृतीत हात, कंबर, गुडघा वेगवेगळे वाचता येऊ लागले. फ्रेमची उंची आम्ही उभ्या पैलवानावरून न ठरवता मुद्गल जिथपर्यंत वर जातो तिथून ठरवली, आणि तो ज्या बाजूला जास्त झेपावतो तिकडे मोकळी जागा सोडली. फ्रेमचे तीन भाग करून पात्र रेषेवर बसवायचा नियम मुलांना फार लवकर सांगितला जातो, असं माझं स्पष्ट मत आहे. काळी आकृती बोलत नसेल तर पात्र कुठल्याही रेषेवर बसवा, काही साधत नाही.

आठवड्याभराने त्याने मुद्गलाशिवायचा शॉट वर्गात लावला. "मुद्गल किती किलोचा धरलायस?" कोणीतरी विचारलं, तेव्हा मी तो परत आणायला परवानगी दिली. आणला तर तो खांद्यात घुसत होता. ती दुरुस्ती बरीच किचकट निघाली.

शॉट आम्ही वस्तादांना मोबाइलवर दाखवला. त्यांनी तो पुनःपुन्हा पाहिला आणि म्हणाले, "डावी टाच उचललीय रे. तिथेच तोल जाईल त्याचा, टेकव ती." मुलाने तिथेच खाली बसून लॅपटॉप उघडला.