कळकलेली भिंत

जेवणाच्या टेबलामागची भिंत मोरपिशी करून घेतली, तेव्हा आई म्हणाली, "ताक कळकल्यासारखी दिसतेय." सगळे हसले. मला मात्र वाटतं, त्या भिंतीबद्दल इतकं अचूक अजून कोणीच बोललेलं नाही.

कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक राहिलं, की ते कळकतं, पिण्याजोगं राहत नाही. काठाशी धरतो तो हिरवट निळा थर तांब्याचा. मोरचूदही तांब्याचंच. नाशिक-सांगलीकडे द्राक्षांवर मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारलं, की पानांवर याच जातीचा रंग सुकतो. फ्रान्समध्ये बोर्डोजवळच्या मळेवाल्यांनी ते वेलींना फासलं ते आधी रोगासाठी नव्हेच. रस्त्याने जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत, ती विषारी वाटावीत म्हणून. रस्त्याकडेच्या याच वेली केवडा रोगातून वाचल्या, हे मियार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने हेरलं आणि १८८५ मध्ये जाहीर केलं. थोडक्यात, हा रंग दिसला की हात मागे घ्यायचा, हे काही एकट्या आईचं खूळ नाही.

गंमत म्हणजे रंगाच्या दुकानातलं मशीन पांढऱ्या बेसमध्ये जे निळे-हिरवे थेंब सोडतं, त्यांतही बहुधा तांबंच असतं. थॅलो निळा, थॅलो हिरवा ही त्या रंगद्रव्यांची नावं. रेणूच्या मधोमध तांब्याचा एक अणू. फक्त तो इतका घट्ट बसलेला, की लिंबू चोळलं तरी सुटायचा नाही.

भिंत जेवणाच्या जागीच हवी, हा माझा हट्ट होता. शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टर हिरवे-निळे कपडे घालतात, कारण बराच वेळ लाल पाहून पांढऱ्याकडे नजर वळवली, की डोळ्यांसमोर याच रंगाचे डाग नाचतात. लालाचा हा बरोबर समोरचा रंग. म्हणून त्याच्यापुढे लाल जास्तच लाल दिसतं. टोमॅटोचं सार, लोणच्याचा खार, कटाची आमटी, सगळ्यांचा तोरा वाढतो. पालकाच्या भाजीचं मात्र काही खरं नाही.

शेडकार्डवर विश्वास ठेवू नये. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पसंत केलेला रंग आमच्या उत्तरेच्या खिडकीशी सकाळी चक्क निळा असतो आणि संध्याकाळी पिवळे दिवे लागले की हिरवा. प्रायमर मारलेल्या भिंतीवर हातभर चौकोन रंगवून तो सकाळ-संध्याकाळ बघावा. रंगारी कुरकुरतो, कुरकुरू द्यावं. आणि मॅटच घ्यावा. चकाकणाऱ्या रंगात पोपडे, खड्डे आणि समोरचा पंखा, सगळंच दिसतं.

चारही भिंतींना मात्र नको. भिंतीवरून परतणारा उजेड जवळच्या चेहऱ्यावर पडतो, आणि चांगला धडधाकट पाहुणा काविळीतून उठल्यासारखा वाटायला लागतो. आमच्या रंगाऱ्याला हे पटलं नसावं. काम संपताना डबा हलवून म्हणाला, "ताई, लिटरभर उरलाय. बाथरूमला मारून टाकू?"

रोज सकाळी आरशात आपलंच हिरवट तोंड बघायचं? नको म्हटलं. उरलेला रंग गॅलरीतल्या कुंड्यांना लावला. लाल मातीच्या त्या कुंड्यांना रंगाची काहीएक गरज नव्हती, पण डबा एकदाचा संपला.