ग्रंथ वाचून झाले, पात्रता मात्र अडली: माझा अनुभव

कॅलिफोर्नियातील ला मिराडा येथील बायोला विद्यापीठात मी इंग्रजी हा मुख्य विषय घेऊन बी.ए. केले आणि त्याच्या जोडीने तिथल्या टॉरी ऑनर्स कॉलेजचा, म्हणजे अभिजात ग्रंथ वाचून त्यांवर चर्चा करण्याचा, अभ्यासक्रम पूर्ण केला. त्यानंतर महाराष्ट्रात परत येऊन तत्त्वज्ञानात एम.ए. करावे असे ठरवले, तेव्हा होमर, ऑगस्टीन आणि दान्ते यांनी मिळून जितके थकवले नव्हते तितके एका पात्रता प्रमाणपत्राने, म्हणजे बाहेरची पदवी इथल्या प्रवेशाला चालते असे सांगणाऱ्या कागदाने, थकवले. ज्या विद्यापीठात हे घडले त्याचे नाव मी लिहिणार नाही. मात्र अशा अभ्यासक्रमाला जाऊन परत येऊ इच्छिणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना पुढे काय वाढून ठेवले आहे, हे कोणीतरी सांगायला हवे.

अडचण समजण्यासाठी अभ्यासक्रमाचे स्वरूप आधी सांगावे लागेल. बायोला 1908 साली लॉस एंजेलिसमध्ये बायबल शिकवणारी संस्था म्हणून सुरू झाली आणि आज ते अनेक विद्याशाखांचे ख्रिस्ती विद्यापीठ आहे. टॉरीचा अभ्यासक्रम तिथे 1996 मध्ये सुरू झाला आणि संस्थेचे आरंभीच्या काळातील डीन रूबेन आर्चर टॉरी यांचे नाव त्याला दिलेले आहे. विद्यार्थी आपला मुख्य विषय स्वतंत्रपणे शिकतो. पण अमेरिकेत पदवी विद्यार्थ्यांना सहसा जे सामान्य शिक्षणाचे विषय घ्यावे लागतात, त्यांतील बहुतेकांच्या जागी इथे अभिजात ग्रंथांवरची चर्चासत्रे असतात. चर्चेची प्रत्येक बैठक तीन तासांची असते. शिक्षक व्याख्यान देत नाहीत. ते एक प्रश्न विचारतात आणि मग समोरच्या पानावर बोट ठेवून बोलण्याची जबाबदारी विद्यार्थ्यांची असते. ॲनापोलिसच्या सेंट जॉन्स कॉलेजने 1937 पासून संपूर्ण पदवीच या पद्धतीवर उभी केली आणि अमेरिकेतील अशा अनेक अभ्यासक्रमांवर तिची छाप दिसते. टॉरीमध्ये बायबल हा वाचनाचा गाभा असला, तरी हे पाळकांचे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचे, प्रशिक्षण नाही, हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढे ते मला वारंवार लिहून द्यावे लागले.

मार्गदर्शक पुस्तके आणि अपेक्षित प्रश्नसंच यांवर वाढलेल्या माझ्यासारख्या मुलीला पहिल्या सत्रात तोंड उघडणे जड गेले, पण ते सर्वांनाच जाते. यादी पाश्चात्त्य आहे, ही माझी तक्रार आजही कायम आहे. फादर स्टीफन्स यांचे 1616 मध्ये गोव्यातील राचोल येथे छापले गेलेले ‘ख्रिस्तपुराण’ हे मराठी काव्य मिल्टनच्या शेजारी ठेवून वाचायला कोणाची हरकत असावी, हे मला कधी कळले नाही. प्रवेश, आमच्या मंडळीच्या पाळकांचे शिफारसपत्र, व्हिसा हे सगळे रीतसर पार पडले, त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

परत आल्यावर एम.ए.ला तात्पुरता प्रवेश मिळाला आणि पात्रता विभागात कागदपत्रे दाखल करण्यास सांगण्यात आले. अर्जात एक तक्ता होता: विषयाचे नाव, एकूण गुण, प्राप्त गुण, शेरा. माझ्या गुणपत्रकावर इंग्रजीचे विषय नावानिशी होते, पण चर्चासत्रांच्या ओळींत विषयाच्या जागी जवळपास सारखेच शीर्षक, पुढे क्रमांक, श्रेयांक (क्रेडिट) आणि श्रेणी एवढेच होते. खिडकीतल्या लिपिकांनी त्या ओळींवर पेन्सिलीने खुणा केल्या आणि विचारले, “मॅडम, यात विषय कुठला?” मी सांगितले की प्लेटो, ॲरिस्टॉटल, थॉमस अक्वायनस, शेक्सपिअर, पास्कल, दोस्तोयेव्हस्की. त्यांनी शांतपणे उत्तर दिले, “ही लेखकांची नावे झाली. विषय सांगा.”

त्यानंतर माझी नस्ती कक्ष अधिकाऱ्यांकडे गेली आणि तिथे मुक्कामाला राहिली. एका टप्प्यावर शेरा पडला की पदवी धार्मिक स्वरूपाची दिसते, सबब ती कला शाखेच्या पदवीशी समकक्ष आहे काय याचा खुलासा घ्यावा. पदवी प्रमाणपत्रावर ‘बॅचलर ऑफ आर्ट्स’ असे स्वच्छ छापलेले होते. परदेशी पदवी भारतीय पदवीच्या बरोबरीची आहे असे सांगणारे भारतीय विश्वविद्यालय संघाचे समकक्षता प्रमाणपत्रही मी सोबत जोडले होते. तरीही खुलासा हवा होता आणि तो कोणी द्यायचा हे मात्र शेऱ्यात लिहिलेले नव्हते. मी दिला तर तो ‘अर्जदाराचा’ ठरत होता, विभागप्रमुखांनी दिला तर तो ‘प्रवेश देणाऱ्यांचा’ ठरत होता. अखेर प्रकरण विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाच्या पुढील बैठकीसमोर ठेवू असे ठरले, आणि ती बैठक कधी आहे हे विचारल्यावर कोणाकडेही तारीख नव्हती. त्याच कार्यालयाच्या भिंतीवर नव्या शैक्षणिक धोरणातील बहुविद्याशाखीय शिक्षणाचे महत्त्व सांगणारा फलक लावलेला होता. प्रतीक्षेच्या बाकावरून तो समोरच दिसे, त्यामुळे तो मला आजही पाठ आहे.

मधल्या काळात स्थलांतर प्रमाणपत्राचा, म्हणजे आधीच्या विद्यापीठाने सोडल्याच्या दाखल्याचा, नवा फाटा फुटला. अमेरिकेतील विद्यापीठे असे प्रमाणपत्र देत नाहीत, कारण एका विद्यापीठातून नाव काढून दुसऱ्यात दाखल होण्याची आपली पद्धतच तिकडे नाही. हे मी तोंडी सांगितले, लेखी सांगितले, बायोलाच्या निबंधक कार्यालयाचा तशा अर्थाचा ई-मेल छापून दिला. छापलेल्या ई-मेलवर शिक्का नाही, हा आक्षेप आला. मूळ गुणपत्रक विद्यापीठाकडून थेट इलेक्ट्रॉनिक स्वरूपात पाठवले गेले होते, पण विभागाची ई-मेलपेटी भरलेली असल्यामुळे ते परत आले. मोहोरबंद लिफाफा मागवावा, असा सल्ला मला देण्यात आला. त्या दिवशी मी बाहेर येऊन चहा घेतला आणि एम.ए.चा विचार सोडून द्यावा, असे पहिल्यांदाच मनात आले.

नस्ती हलली ती एका सेवानिवृत्तीकडे झुकलेल्या अधीक्षकांमुळे. त्यांनी माझे सर्व ऐकून घेतले आणि म्हणाले, “बाई, तुम्ही काय वाचलंत ते या लोकांना समजावू नका. त्यांना रकाना भरून द्या.” मी प्रत्येक चर्चासत्राचा स्वतंत्र कागद केला. त्यात सत्राचा कालावधी, श्रेयांक, वाचलेले ग्रंथ, मूल्यमापनाची पद्धत म्हणजे निबंध, चर्चेतील सहभाग व सहामाहीअखेरची तोंडी परीक्षा, आणि शेवटी आपल्याकडील कोणत्या विषयाशी ते जुळते याचा एक शब्द: तत्त्वज्ञान, साहित्य, इतिहास, राज्यशास्त्र. बायोलाकडून अभ्यासक्रमाचे अधिकृत वर्णन सही-शिक्क्यानिशी मागवले आणि स्थलांतर प्रमाणपत्राऐवजी शंभर रुपयांच्या मुद्रांकावर हमीपत्र दिले. दोस्तोयेव्हस्कीच्या कादंबरीसमोर ‘साहित्य’ लिहिताना हात अडखळला, कारण आम्ही ती ईश्वर आणि दुःख यांच्या प्रश्नासाठी वाचली होती, पण रकान्यात एकच शब्द मावत होता. त्यानंतर अभ्यास मंडळाच्या बैठकीची कोणालाही गरज भासली नाही. पात्रता मिळाली, आणि मला आनंदापेक्षा राग अधिक आला, हे नमूद करायला हरकत नाही.

यातून जाणाऱ्यांनी अभ्यासक्रमाचे वर्णन, प्रत्येक सत्राच्या वाचनयादीसह, तिथे असतानाच निबंधक कार्यालयाकडून सही करून घ्यावे. शिक्षक बदलतात, याद्याही बदलतात. मोहोरबंद गुणपत्रकाच्या दोनतीन प्रती सोबत आणाव्यात आणि त्यांतील एकही स्वतः उघडू नये. पदवी प्रमाणपत्रावर अपॉस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा म्हणून घ्यावे लागणारे सरकारी प्रमाणन, लागल्यास कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयाकडून ते प्रतिदस्तऐवज 20 डॉलरमध्ये होते, पण त्याआधी नोटरीची सही लागते, म्हणून हे काम परतीच्या तिकिटाआधी उरकावे. समकक्षतेच्या बाबतीत विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 मध्ये नवे विनियम लागू केले आहेत, त्यामुळे माझ्या वेळचा मार्ग जसाच्या तसा धरू नये, आयोगाची सूचना आधी वाचावी. श्रेणी चारपैकी असल्यास तिचे टक्क्यांत रूपांतर स्वतः करू नये, विभागाचे सूत्र लेखी मागावे.

आणखी एक आठवले. दाखल केलेल्या प्रत्येक कागदाच्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घ्यावी. माझा ई-मेलचा कागद ‘नस्तीत आढळत नाही’ असे जेव्हा सांगण्यात आले, तेव्हा त्या क्रमांकामुळेच तो शोधावा लागला. पात्रता शुल्काची पावतीही एम.ए. संपेपर्यंत जपून ठेवावी, परीक्षेच्या अर्जाच्या वेळी तीच पुन्हा मागितली जाते.