गटचर्चेत लोक खरे बोलतात का?

गावोगावी गटचर्चा घेण्याचे काम मी करते असे कळले की कोल्हापुरातली सुशिक्षित मंडळी हमखास एकच विचारतात: चारचौघींत बसवलेली बाई खरे कशाला बोलेल? त्यातला खवचटपणा अंगवळणी पडला आहे, तरी तुम्ही विचारलेत म्हणून एकदाचे सविस्तर सांगते.

चारचौघींत बाई जे बोलते ते चारचौघींत बोलता येण्याजोगे असते, आणि आम्हाला तेच हवे असते. घरात काय घडते हे जाणायला तिला एकटीला भेटावे. गावात काय उघड बोलता येते आणि काय बोलल्यावर बाकीच्यांच्या नजरा वळतात, हे एकटीच्या मुलाखतीत कळत नाही. म्हणून सहा ते दहा जणी, सासवा-सुना वेगळ्या, वेळ दुपारची, धारा काढायच्या आधीची, आणि जागा शक्यतो देवळाचा सभामंडप सोडून, कारण तिथे कोण येणार नाही हे गावाने आधीच ठरवलेले असते.

मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांचे कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची, मंगळसूत्र तोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. पुढे तालुक्यातल्याच दुसऱ्या एका गावात आम्ही याच विषयावर बसलो होतो. "आमच्यात आता असलं काय चालत न्हाई," असा एकच सूर लागला होता. स्वतःविषयी सांगण्याची सक्ती कोणावरही नाही, हे मी सुरुवातीलाच बजावले होते. तरीही एकीने भिंतीशी बसलेल्या तिशीतल्या बाईकडे हात केला: "हिलाच इचारा की, हळदीकुंकवाला बोलावतोय का न्हाई?"

ती म्हणाली, "बोलावत्यात. पर कुंकू लावायच्या आधी एकमेकींच्या तोंडाकडं बघत्यात."

कोणी काही बोलेना. तिची थोरली जाऊ, जी आमच्या यादीत नव्हती पण येऊन बसली होती (आलेल्या बाईला ऊठ म्हणण्याची सोय खेड्यात नसते), नुसती खाकरली. त्यावर ती बाई हसली आणि म्हणाली, "मस्करी केली ओ ताई, तसलं काय न्हाई." मग विषय बचत गटाच्या हप्त्यांवर गेला, आणि मीही तो जाऊ दिला.

टिपणात मी दोन्ही वाक्ये उतरवली, खाकरण्यासकट. ज्या संस्थेसाठी हे काम होते तिच्या अहवालात मात्र "ठरावाला महिलांचा एकमुखी पाठिंबा" एवढेच छापून आले. दोन्ही वाक्ये परस्परविरोधी असल्याने वगळली, असे मला कळवण्यात आले.

या कामात नवी असताना मी छातीठोकपणे म्हटले असते की पहिले वाक्य खरे आणि दुसरे दबावाखालचे. आज तसे म्हणवत नाही. उद्या त्याच बायकांबरोबर भांगलायला जाणाऱ्या बाईने आपले बोलणे मागे घेतले, तर तो हिशेबही तिचाच असतो. शिवाय, काही वर्षांपूर्वी जिला बोलावणेच गेले नसते तिला आता जाते, हे तिनेच सांगितले होते, आणि ते तिने मागे घेतले नव्हते. तरीही, बाकीच्यांचा पुरावा म्हणून तिला त्या भिंतीशी बसवणारी ती बैठक घेण्याजोगी होती का, असे विचाराल तर माझे उत्तर दर वेळी बदलते. न बदलणारे एवढेच की दोन्ही वाक्ये छापायला हवी होती.