चाळीस फोटो टाकले की सॉफ्टवेअर गप्प

बेळगावात खानापूर रोडला माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे, मागच्या महिन्यात येळ्ळूरच्या एका लग्नाचा अल्बम करायला बसलो तर एडिटिंगच्या सॉफ्टवेअरात ४० फाईली एकदम ओढून टाकल्या की सतराव्या-अठराव्या फोटोला ते बंदच. एरर नाही काही नाही, सरळ डेस्कटॉप. त्यातले थोडे एकेक करून उघडून बघितले तर मात्र व्यवस्थित. पार्टीचे काका रोज फोन करूलालेत, "काय झालं वो अल्बमचं?" आणि मी आपला, "होतंय की काका, उद्या देतो."

आधी सॉफ्टवेअर काढून परत टाकलं, अर्धा दिवस फुकट. शेजारच्या झेरॉक्सवाल्या अण्णानं डोकावून "एनातरी?" (काय झालं?) म्हणून कन्नडात विचारलं आणि ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट कर म्हणून सांगून गेला, तेही केलं, फरक शून्य.

मग टास्क मॅनेजर, म्हणजे कुठलं सॉफ्टवेअर किती मेमरी खातंय ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडा ठेवून परत फाईली टाकल्या, मेमरी चढत चढत ९७ टक्के आणि धप्प. तेव्हा कुठं हिशोब मांडला. कॅमेऱ्याच्या कार्डावर ८-९ एमबीचा दिसणारा जेपीजी उघडला की फुगतो, माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेल, म्हणजे ६००० गुणिले ४०००, प्रत्येक पिक्सेलला लाल-हिरवा-निळा मिळून ३ बाइट, झाले ७२ एमबी. असे ४० म्हणजे जवळजवळ ३ जीबी, लेयर (फोटोवर चढवलेले थर) आणि अनडू (केलेलं मागं फिरवायला ठेवलेल्या नोंदी) वेगळेच. रॅम, म्हणजे तीच मेमरी, माझी ८ जीबी, त्यातली निम्मी विंडोज आणि ब्राउझरच खाऊन बसलेले. रॅम पुरेना झाली की सॉफ्टवेअर डिस्कवर स्क्रॅच फाईल, म्हणजे कामापुरती तात्पुरती फाईल, करतं, ती होती सी ड्राइव्हवर, आणि तिथं दीड जीबी पण मोकळी नाही. ड्राइव्ह भरत आल्याची ती लाल पट्टी वर्षभर बघूलालोय मी, मनावर घेतलं नाही, चूक माझीच.

स्क्रॅच डिस्क डी ड्राइव्हवर केली, टेम्प फोल्डर साफ केलं (११ जीबी कचरा निघाला!), ब्राउझर बंद. गाडी ३१ फोटोंपर्यंत गेली आणि परत बंद, तेव्हा मात्र डोकं फिरलं.

मग फाईली अर्ध्या अर्ध्या करत गेलो, आधी २०-२०, त्यातल्या १०, मग ५, शेवटी एकच फाईल हाताला लागली. साध्या व्ह्यूअरमध्ये बघितली तर खालचा अर्धा फोटो नुसता राखाडी. कार्डावरनं कॉपी करताना लाईट गेलेली ते तेव्हा आठवलं. नशीब कार्ड फॉरमॅट मारलं नव्हतं, परत कॉपी केली आणि चाळीसच्या चाळीस उघडले.

तो फोटो अक्षता पडतानाचा, नवरदेवाचे डोळे मिटलेले. अल्बममध्ये घेणारच नव्हतो.