गुडघा बरा झालाय, मग खेळू का देत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला दर जानेवारीत येतो, बहुतेकदा आईकडून: "अगं, तो जिना धडाधड चढतोय, रोज पळतोय, सर्जन म्हणाले ऑपरेशन झकास झालंय. मग तू त्याला टीमबरोबर सराव का करू देत नाहीस?" ऑस्ट्रेलियात, मेलबर्नच्या पूर्वेकडच्या उपनगरांत आपली मुलं आता फुटी (म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल) खेळायला लागली आहेत आणि तिथल्याच एका क्लबात मी फिजिओ आहे. शिवाय मराठी. त्यामुळे तक्रार करायला मीच सापडते.

प्रश्न जानेवारीतच का येतो, यात अर्धं उत्तर आहे. उपनगरी फुटीचा हंगाम एप्रिलमध्ये सुरू होऊन ऑगस्ट-सप्टेंबरला संपतो. समजा, जूनमध्ये एखाद्याचं एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं पुढचं लिगामेंट (हाडांना बांधून ठेवणारा पट्टा) तुटलं आणि जुलैत ऑपरेशन झालं. जानेवारी म्हणजे सहावा महिना. सूज गेलेली, पाय सरळ होतोय, कुबड्या माळ्यावर. आणि नेमका तेव्हाच क्लबचा प्रीसीझन, म्हणजे हंगामाआधीचा सराव, सुरू होतो. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सगळे मित्र मैदानात, इथे उन्हाळा, त्यामुळे सूर्य साडेआठपर्यंत हलत नाही, नवा कोच ओरडतोय, आणि हा एकटा बाउंड्रीजवळ प्लास्टिकच्या कोनच्या मधून हळूहळू वळायचा सराव करतोय. त्याला वाटतं, मी तर ठीक आहे! त्यात पहिली मॅच एप्रिलमध्ये, म्हणजे ऑपरेशनपासून बरोबर नऊ महिन्यांवर. हे वेळापत्रकच घातकी आहे.

आता आत काय चाललेलं असतं ते बघा. तुटलेलं लिगामेंट सहसा शिवत नाहीत. मांडीच्या मागच्या किंवा गुडघ्याच्या पुढच्या बाजूचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) काढून, हाडांना भोकं पाडून तिथे नवं बसवतात. तो टेंडन बसवला त्या दिवशी मजबूत असतो, पण त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. मग शरीर त्यात नव्या रक्तवाहिन्या घालतं, जुन्या पेशी जाऊन नव्या येतात, आणि या उलथापालथीत पहिले काही महिने तो आधी कमकुवत होतो. नंतर सावकाश ताकद धरतो, आणि हे काम वर्ष उलटलं तरी चालूच असतं. दुखणं मात्र फार आधी थांबतं. आमच्या रत्नागिरीकडे हापूसच्या नव्या कलमाला पहिली दोन-तीन वर्षं मोहोर आला तरी खुडून टाकतात. झाड वरून तयार दिसतं, पण आंब्यांचं ओझं त्याला तेव्हा झेपणार नसतं. सहाव्या महिन्यातला गुडघा तसाच.

खेळायला परतण्याआधी निदान नऊ महिने थांबायचं, हा आकडा आम्ही मनानं काढलेला नाही. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की वळणं-उड्या असलेल्या खेळात परतणं नवव्या महिन्यापर्यंत जितकं लांबवलं, तितका पुन्हा दुखापतीचा धोका दर महिन्याला साधारण निम्म्यानं उतरत गेला. एएफएल, म्हणजे फुटीच्या राष्ट्रीय लीगमधले व्यावसायिक क्लब तर बहुधा बारा महिने धरूनच चालतात, तेही पगारी डॉक्टर, फिजिओ आणि रोजचा जिम हाताशी असताना. आपला पोरगा दिवसभर ऑफिसात खुर्चीवर बसून संध्याकाळी येतो, हे विसरू नका.

फुटी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: अंडाकृती मैदान, एका बाजूला १८ जण, आणि ऑफसाइड नाही. म्हणजे समोरून, मागून, कडेनं, कुठूनही माणूस येऊन आदळू शकतो. चेंडू झेलायला हवेत उडी मारायची आणि कुणाच्या तरी खांद्यावरून घसरत एका पायावर उतरायचं. एसीएल जाताना बहुधा धक्काही लागलेला नसतो. वळताना किंवा उतरताना पाय रोवला जातो आणि गुडघा आत मोडतो. नियमांनी दुखापत कमी होते, हेही या खेळात दिसलंय. मध्यभागी चेंडू उंच उसळवत तेव्हा दोन्ही टीमचे उंच खेळाडू लांबून धावत येऊन एकमेकांवर गुडघे आपटत, आणि मागचं लिगामेंट, पीसीएल, निकामी होई. २००५ पासून १० मीटरचं वर्तुळ आखून धाव मर्यादित केली, आणि त्या दुखापती घटल्या. एसीएलसाठी असं वर्तुळ आखता येत नाही, मैदानभर तोच धोका आहे.

मैदानाबद्दलही दोन शब्द, कारण आपल्या लोकांना हे पटकन कळतं. मार्चअखेरपर्यंत ओव्हल क्रिकेटवाल्यांचं असतं, फुटीवाले शेजारच्या मोकळ्या सार्वजनिक मैदानावर. उन्हानं जमीन वाळून टणक झालेली. घट्ट विणीच्या बर्म्युडा जातीच्या गवतापेक्षा राय गवतावर एसीएल कमी जातात, असं इथल्याच संशोधनात दिसलंय. घट्ट गवत बुटाचे स्टड धरून ठेवतं, वळताना पाय सुटत नाही. म्हणून जानेवारीत मी स्टडचे बूट घालू देत नाही, आणि त्यावरूनही माझं भांडण होतं. (गंमत म्हणजे हा खेळ क्रिकेटवाल्यांचंच अपत्य. क्रिकेटपटू हिवाळ्यात अंगानं सुटू नयेत म्हणून टॉम विल्सनं १८५८ मध्ये काहीतरी खेळ हवा असं वर्तमानपत्रात लिहिलं, आणि पुढच्याच वर्षी मेलबर्नमध्ये नियम लिहून झाले.)

आता प्रीसीझन. आपल्याकडे समज असा, की हा म्हणजे पळवून पळवून घाम काढायचा प्रकार. दोन किलोमीटरची वेळ लावून धाव असते खरी, आणि तिची व्हॉट्सॲपवर चर्चाही होते. पण त्याचा खरा उपयोग, सप्टेंबरपासून बिअर आणि बार्बेक्यूवर जगलेल्या शरीराला भरधाव धावण्याची, थांबण्याची, पडण्याची थोडी थोडी सवय करून देणं. ज्यांना हे अंतर एका आठवड्यात कापायचं असतं ते फेब्रुवारीत हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, धरून माझ्या टेबलावर येतात. एएफएलमध्ये सगळ्यात जास्त होणारी दुखापत तीच. मोठे क्लब खेळाडूंच्या पाठीवर जीपीएस लावतात, त्यामुळे मधल्या फळीतला माणूस मॅचमध्ये बारा-पंधरा किलोमीटर धावतो आणि त्यातलं किती भरधाव, हे त्यांना ठाऊक असतं. रिहॅब, म्हणजे दुखापतीनंतरची तयारी, त्या आकड्यांवरून उलटी आखतात. आमच्याकडे कोन, शिट्टी आणि माझं घड्याळ. पद्धत तीच: आधी सरळ धाव, मग वळणं, मग ठरवून वळणं सोडून अचानक वळणं, मग अंगावर येणारा माणूस, आणि सगळ्यात शेवटी मॅच. या पायऱ्या गाळायच्या म्हणजे प्रीसीझनच गाळायचा, आणि तो धडधाकट माणसालाही परवडत नाही.

"अमका तर तीन-चार महिन्यांत परत आला होता," हेही ऐकवलं जातं. बरोबर आहे. सिडनी स्वान्सच्या निक माल्चेस्कीनं २००८ मध्ये कृत्रिम लिगामेंट बसवून घेतलं आणि त्याच हंगामात खेळला. पुढे २०१२ च्या ग्रँड फायनलचा निर्णायक गोलही त्याचाच. पण त्या कृत्रिम दोराची लाट ओसरली, आज बहुतेक सर्जन रुग्णाचाच टेंडन वापरतात. त्याच २०१२ च्या विजयी टीममधला ॲलेक्स जॉन्सन कुणी आठवत नाही. त्याचा डावा गुडघा पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला गेला, पाच वेळा पुनर्रचना झाली, आणि जवळपास सहा वर्षांनी, ऑगस्ट २०१८ मध्ये तो परतला. दुसऱ्याच मॅचमध्ये उजव्या गुडघ्याचं एसीएल गेलं. हे मी घाबरवायला सांगत नाही. एक गुडघा गेलेल्या माणसाचा दुसराही धोक्यात असतो, एवढं लक्षात यावं म्हणून सांगते.

म्हणून मी नुसता महिना बघत नाही. एका पायावर लांब उडी, तीन सलग उड्या, मांडीची ताकद, हे दोन्ही पायांचं मोजते. निदान नव्वद टक्के जुळायला हवं. यात एक मेख आहे: घरी बसून चांगला पायही सुकलेला असतो, त्यामुळे दोन्ही सारखेच अशक्त असले तरी टक्केवारी छान दिसते. म्हणून हंगामाआधी सगळ्यांची मापं घेऊन ठेवते. मुलींच्या टीममध्ये तर हे जास्तच, कारण बायकांच्या फुटीत एसीएलचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त आहे. महिलांची राष्ट्रीय लीग २०१७ ला सुरू झाली, आणि अनेकींना लहानपणी उडीतून नीट उतरायला कुणी शिकवलेलंच नव्हतं.

गुडघ्यापेक्षा अवघड असतं ते टीमबाहेर असणं. २०१६ मध्ये वेस्टर्न बुलडॉग्जचा कॅप्टन बॉब मर्फी हंगामाच्या तिसऱ्याच फेरीत एसीएल तुटून बसला, आणि त्याच वर्षी क्लबनं १९५४ नंतर पहिल्यांदा कप जिंकला. कोच ल्यूक बेव्हरिजनं त्याला मंचावर बोलावून स्वतःचं पदक त्याच्या गळ्यात घातलं. लोक रडले, मीही टीव्हीसमोर. पण मर्फी खेळला नव्हता, ते कुठल्याच पदकानं भरून निघत नाही. म्हणून माझ्या रिहॅबवाल्यांना मी काम लावते: पाणी न्या, स्कोअर लिहा, ज्युनिअरना किक शिकवा. घरी सोफ्यावर पाठवला, की तो इंटरनेटवर तीन महिन्यांत परतलेल्यांचे व्हिडिओ बघतो.

तर, आपला पोरगा कधी खेळणार? मापं जुळली आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये टीमबरोबरचे पूर्ण सराव सूज न येता झाले, तर मेच्या आसपास, तेही रिझर्व्हमध्ये, म्हणजे क्लबच्या दुसऱ्या टीममध्ये, अर्धीच मॅच. नाही जुळली तर जून. यावर माझ्याशी वाद घालायचा असेल तर मंगळवारी या. गुरुवारी टीम जाहीर होते, तेव्हा माझ्या टेबलापुढे टेपिंगची, म्हणजे सांध्यांना पट्ट्या बांधून घेणाऱ्यांची रांग असते.