गोळ्यांची आडनावं

गोळीच्या पट्टीवर दोन नावं असतात. एक कंपनीनं ठेवलेलं, लाडाचं. दुसरं कागदोपत्री, जीभ अडखळते म्हणून आपण सोडून देतो ते. वाचायचं खरं तर तेच, आणि मागून. सावंतवाडीकर म्हटलं की माणूस कुठला ते कळतं, तसं शेपटावरून औषधाचं घराणं कळतं. या कागदोपत्री नावांची पहिली यादी जागतिक आरोग्य संघटनेनं १९५३ साली काढली.

लोसार्टन, टेल्मिसार्टन हे 'सार्टन', रक्तदाबाचे. एनालाप्रिल, रामिप्रिलही रक्तदाबाचेच, पण 'प्रिल' मंडळींना एक खोड आहे: कोरडा खोकला. ती ज्या विकराला अडवतात तेच विकर ब्रॅडिकायनिन नावाचं शरीरातलं रसायन मोडतं. ते साचलं की घसा खवखवतो. कफ सिरपच्या बाटल्या संपवून उपयोग नाही. डॉक्टर मग बहुधा सार्टनकडे वळतात, कारण सार्टन त्या विकराच्या वाटेलाच जात नाही.

'प्राझोल' आम्लाचं. पॅन्टोप्राझोल न्याहारीआधी अर्धा तास घ्यायचं, कारण जठरातले आम्लाचे पंप अन्न आलं की कामाला लागतात आणि चालू पंपालाच ही गोळी जखडते. औषध रक्तात निम्मं व्हायला तास-दीड तास पुरतो, पण जखडलेला पंप सुटत नाही, नवा तयार व्हावा लागतो. म्हणून दिवसाला एक गोळी बहुतेकांना भागते. गोळी कुटून मात्र देऊ नये. वरचं आवरण तिला जठरातून सुखरूप पार करण्यासाठीच असतं.

शेपूट अर्धवट वाचलं की फसगत. मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल हे 'ओलॉल', नाडी संथ करणारे. दम्याच्या पंपातल्या साल्ब्युटामॉलला नुसतं 'ऑल', आणि काम नेमकं उलटं: पेशींवरची जी बीटा कुलपं (ग्राही) प्रोप्रॅनोलॉल अडवून बसतं, तीच हे उघडतं. दमेकऱ्यानं प्रोप्रॅनोलॉल घेतलं तर श्वासनलिका आवळू शकतात, वर साल्ब्युटामॉलचा पंप ओढूनही नीट उतार पडत नाही. पॅरासिटामॉल या दोघांचं कुणीच नाही. 'स्टॅटिन' कोलेस्टेरॉलचं, पण निस्टॅटिन बुरशीवरचं. त्याचं नाव न्यूयॉर्क स्टेटवरून पडलं, तेही कोलेस्टेरॉलवाले जन्मायच्या आधी.

घरातल्या औषधांच्या डब्यात एकदा डोकावा. एका पट्टीवर टेल्मिसार्टन ४०, दुसरीवर टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५, तेही रक्तदाबाचंच. चिठ्ठ्या दोन डॉक्टरांच्या, लाडाची नावं निराळी, म्हणून आजोबा दोन्ही घेतात आणि उठताना भोवळ येते. अशा वेळी आपल्या मनानं एक बंद न करता दोन्ही पट्ट्या डॉक्टरांसमोर ठेवायच्या.